चेंडू हातात आहे तोवर

माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात तेव्हा बायको वयाला दोष देते. मी देत नाही. माझ्या गुडघ्यांचा गुन्हेगार मला चांगला ठाऊक आहे. नाव सांगून उपयोग नाही, कारण बहारीनमध्ये त्यांना नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना भाऊ म्हणायचो आणि ऑफिसचा बहारीनी ड्रायव्हर मिस्टर श्वै-श्वै म्हणायचा. श्वै-श्वै म्हणजे हळूहळू. इतकं नेमकं बारसं आईबापांनाही जमलं नसतं.

भाऊ अमरावतीचे. आमच्या अमेरिकन कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात पाइपलाइनची ड्रॉइंग तपासायचे. त्यांच्या समोरचं टेबल माझं. मी सांगलीकडचा, डोकं तापायला मला निमित्त लागत नाही. फोन वाजला की माझा हात आपोआप पुढे जायचा. भाऊंचा फोन मात्र वाजतच राहायचा. ते आधी पेनाला टोपण घालायचे, चष्मा काढायचे, मग रिसीव्हर उचलायचे, एक श्वास घ्यायचे आणि 'जय भीम' म्हणायचे. पलीकडे मलबारी स्टोअरकीपर असो की सौदी कंत्राटदार, सगळ्यांना तोच जय भीम. मी एकदा चिडून म्हटलं की अहो भाऊ, एखादा अर्जंट असला तर? तर म्हणाले, निम्मे लोक तोवर फोन ठेवून देतात, म्हणजे त्यांचं काम अर्जंट नव्हतंच.

त्यांच्या गाडीत बसणं ही एक शिक्षाच होती. सिग्नल हिरवा झाला की ते आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, मग पुन्हा सिग्नलकडे, खरंच हिरवा आहे ना म्हणून. मागून हॉर्नचा कल्लोळ. झिंज भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर प्रेशर कुकर नव्हता. शिट्ट्या मारून अंगावर येणारं भांडं आपल्याला नको, असं त्यांचं म्हणणं. तुरीचं वरण उघड्या पातेल्यात, मंद आचेवर. त्यांच्याकडे जेवायला बोलावलं की आम्ही नवराबायको घरून पोळीभाजी खाऊन निघायचो आणि तिथं पोचून पुन्हा भुकेजायचो. वरण मात्र असं असायचं की बायको दोनदा मागून घ्यायची आणि वाटेत माझ्याकडे बघून म्हणायची, शिका जरा.

घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलीची आई ती लहान असतानाच गेली होती. मुलगी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकत होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. भाऊ अमरावतीच्या बोलीत विचारायचे, ती इंग्रजीत फटाफट सांगायची, आणि दोघांचं उत्तम चालायचं. तिची एकच तक्रार होती. "पापा, जस्ट से येस ऑर नो!" असं ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची. भाऊंचं उत्तर ठरलेलं, "पाहू ना."

गणित ते स्वतः शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, तर शेजारी बसायचे. ती अडली तरी बोलायचे नाहीत. ती चिडायची, पेन्सिल आपटायची, 'यू नो द आन्सर' म्हणून ओरडायची. भाऊ चहावरची साय बाजूला सारत बसायचे. मग केव्हातरी तिचीच पेन्सिल परत चालायला लागायची. माझ्यासारखा माणूस त्यांच्या जागी असता तर पोरीला उत्तर सांगून मोकळा झाला असता, आणि पोरगी गणितात नापास झाली असती.

आता गुडघ्यांकडे येतो.

अमरावतीत पोरं बेसबॉल खेळतात हे मला बहारीनला येऊन कळलं. भाऊ कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघात होते, पिचर म्हणून. म्हणजे मधल्या उंचवट्यावर उभं राहून बॅटवाल्याकडे चेंडू फेकणारा. कंपनीतल्या अमेरिकन साहेबलोकांनी सखीरच्या रस्त्याला वाळवंटात एक मैदान केलं होतं. वाळू उडू नये म्हणून तेल शिंपडून वर रोलर फिरवलेला. गवताची काडी नाही. दर शुक्रवारी सकाळी कंपनीच्या वेगवेगळ्या खात्यांच्या टीम तिथे खेळायच्या. भाऊंना फेकता येतं हे कळल्यावर ड्रॉइंग ऑफिसचीही टीम झाली, आणि बाकी कुणी तयार होईना म्हणून मी कॅचर झालो.

कॅचर बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसतो. पिचरने काय फेकायचं ते मांड्यांच्या मधून बोटांनी खुणावतो. एक बोट म्हणजे सरळ आणि जोरात. दोन म्हणजे वळणारा. पिचरला पटलं नाही तर तो मान हलवतो, मग कॅचरने दुसरी खूण करायची. ऐकायला सोपं आहे. पण भाऊंसारखा पिचर असला की कॅचरचं जन्मभराचं नुकसान होतं. मी एक बोट दाखवावं, भाऊंनी मान हलवावी. दोन दाखवावीत, पुन्हा मान. मग चेंडू हातात घोळवत ते दूर वाळवंटाकडे बघत राहायचे. डोक्यावर ऊन, मांडीत पेटके, आणि बॅटवाला शिव्या देतोय त्या मला.

शिवाय आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेले. पहिल्या सामन्यात मी बॅट घेऊन उभा राहिलो, आलेला चेंडू डावं कोपर वर काढून पायाशी छान थोपवला आणि समाधानाने तिथेच उभा राहिलो. बेसबॉलमध्ये चेंडू बॅटला लागून मैदानात पडला की पळावंच लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर पळालो, तर बॅट घेऊन पळालो. साहेबलोक वाळूत लोळून हसत होते. भाऊ हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले की बॅट पडू दे, तुझ्या आधी ती काही कुठं पोचणार नाही.

त्यांची एक गोष्ट तर मला मुळीच पटायची नाही. समोरच्या टीमचा जबरा मारणारा आला, की ते मुद्दाम चार चेंडू पार बाहेर टाकायचे. तसे चार टाकले की बॅटवाल्याला पहिला बेस, म्हणजे पळून गाठायचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. मी उठून त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, भाऊ, हा रडीचा डाव झाला.

"कायचा रडीचा?" ते म्हणाले. "ज्याले द्यायचंच हाय, त्याले देऊन टाकाव. पन कवा आन् कुठं द्यायचं, थे आपन ठरवाव."

अंपायर होता तोच बहारीनी ड्रायव्हर, कारण तो कुठल्याच टीमचा नव्हता. त्याला जुम्म्याच्या नमाजाला पोचायची घाई. तो मागून सारखा 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला चला, करायचा. भाऊ त्याच्याकडे बघून मान डोलवायचे, जणू आता फेकतोच आहे, आणि पुन्हा बुटाने माती सारखी करायला लागायचे. बॅटवाला कंटाळून बाहेर यायचा, हातमोजे आवळायचा, आत जायचा. भाऊ तसेच. मग मनात आलं की अचानक फेकायचे, तेही इतकं सावकाश, की बॅट आधी फिरायची आणि चेंडू मागून निवांत माझ्या हातात. हा त्यांचा खास चेंडू. "चेंडू आपल्या हातात हाय तवर घड्याळ आपलं," असं ते म्हणायचे. हेच तत्त्व ते फोनला, वरणाला आणि मुलीच्या गणितालाही लावायचे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

कुवेतचं युद्ध संपून काही वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. कामं कमी व्हायला लागली आणि हेड ऑफिसने एक नवा मॅनेजर पाठवला. टेक्सासचा, उंच, चालायचा ते पळाल्यासारखं. त्याने पहिलं काम केलं ते मीटिंग रूममधल्या खुर्च्या काढल्या. मीटिंग उभ्याने, म्हणजे लवकर संपते. खुर्च्या फक्त त्याच्या स्वतःच्या केबिनमध्ये होत्या, काचेच्या टेबलापुढे दोन. आणि महिन्याभरात सगळ्यांना एक गोष्ट कळून चुकली. साहेब ज्याला 'सिट डाउन' म्हणतो, त्याचं तिकीट निघतं. कोचीनचा एक ड्राफ्ट्समन बसला आणि गेला. गोव्याचा एक बसला, आई आजारी आहे म्हणून सांगत होता, तोही गेला. जो कौटुंबिक कारण सांगायचा तो उलट लवकर जायचा. साहेब म्हणायचा, कारणं मला रोज ऐकू येतात. ऑफिसात इतकी भीती बसली की लोक आपापल्या टेबलापाशीही टेकून उभे राहायला लागले.

भाऊंच्या चालीचा माणूस या साहेबापुढे टिकणार नाही, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि त्या वर्षी भाऊंची मुलगी दहावीला होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. भाऊंची नोकरी गेली की व्हिसा गेला, त्यांचा गेला की मुलीचा गेला, आणि वर्षाच्या मध्यात दहावीच्या मुलीला दुसरी शाळा दारात उभी करत नाही. पोरीचं वर्ष बुडालं असतं. माझ्या बायकोला त्या काळजीने झोप लागायची नाही. मला लागायची, पण स्वप्नात तो साहेब खुर्ची पुढे सरकवायचा.

त्यातच साहेब स्वतः बेसबॉल खेळणारा निघाला. साइट ऑफिसच्या टीमकडून तो उतरला आणि शेवटच्या डावात बॅट घेऊन नेमका भाऊंसमोर आला. आमच्या टीममधला प्रत्येक जण माझ्या कानाशी लागून गेला की भाऊंना सांग, साहेबाला एक सोपा टाका, मारू दे, खूश होऊ दे. मी एक बोट दाखवलं. सरळ टाका, मिटवा एकदाचं. भाऊंनी मान हलवली. मग ते उभे राहिले, आणि उभेच राहिले. साहेब बाहेर आला, आत गेला, पुन्हा बाहेर आला. ड्रायव्हर यल्ला-यल्ला करून दमला. शेवटी भाऊंनी तो आपला सावकाश चेंडू सोडला आणि साहेबाची बॅट हवेत फिरून स्वतःभोवती गिरकी घेऊन थांबली. आधीचे दोन त्याने हुकवलेच होते, हा तिसरा स्ट्राइक, आणि तीन हुकले की बॅटवाला बाद. साहेब आउट.

मैदानावर कुणी टाळी वाजवली नाही. साहेब चालत भाऊंपाशी गेला आणि विचारता झाला की तू एवढा वेळ कशाची वाट बघत होतास? भाऊ म्हणाले, तुमची, सर. साहेब गाडीकडे गेला. परतीच्या वाटेवर आमच्या गाडीत सगळे धरून चालले की आता खुर्ची नक्की.

ती दिवाळीच्या आसपास आलीच. साहेबाच्या सेक्रेटरीने बोलावणं आणलं, भाऊंना आणि मलाही. आत गेलो. साहेब म्हणाला, "सिट डाउन."

भाऊ बसले. त्यांच्या शेजारी मी बसलो. साहेबाने वेळ घालवला नाही. पलीकडे सौदीत, जुबैलला नवी साइट सुरू होतेय, तिथे तपासणीला अनुभवी माणूस हवा. भाऊंनी तिकडे जायचं, पंधरा दिवसांत. इथलं त्यांचं काम मी बघायचं. तिकडे फॅमिली व्हिसा नाही. नाही म्हटलं तर इथे त्यांच्यासाठी जागा नाही. हो की नाही, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणजे नोकरी राहत होती, पण मुलीला परत पाठवावंच लागत होतं. आणि भाऊंच्या जागी मी बसणार होतो. माझी बढती आणि त्या पोरीचं बुडणारं वर्ष एकाच वाक्यात आलं होतं, मला ते सहन होईना.

भाऊंनी चष्मा काढला. पुसायला लागले. साहेब बोटांनी टेबलावर ताल धरायला लागला. माझा धीर सुटला, आणि सवयीचा गुलाम म्हणतात तसं माझं झालं. माझा उजवा हात आपोआप दोन मांड्यांच्या मधे गेला आणि मी भाऊंकडे तोंड वळवून एक बोट दाखवलं. सरळ टाका. सांगून टाका त्याला मुलीचं. भाऊंच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते दिसलं. त्यांनी मान हलवली. मी दोन बोटं दाखवली. वळवा मग, काहीतरी गोल गोल बोला, वेळ मागून घ्या. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

साहेबाच्या बोटांचा ताल थांबला. तो टेबलाकडे बघत होता. टेबलाकडे कसला, टेबलातून आरपार माझ्या हाताकडे. टेबल काचेचं आहे हे मी साफ विसरलो होतो. हात मागे घेण्याइतकंही भान मला राहिलं नाही, दोन बोटं तशीच ताणलेली.

बोलणं सगळं इंग्रजीत झालं, पण माझ्या डोक्यात ते मराठीतच बसलंय.

"ह्याने काय मागितलं?" साहेबाने भाऊंना विचारलं.

भाऊंनी चष्मा घातला. "आधी फास्टबॉल, सर. मग कर्व्ह."

"आणि तू दोन्हीला नाही म्हणालास."

"हो सर."

"मग काय टाकणार आहेस?"

भाऊंनी चष्मा नाकावर नीट बसवला. मला वाटत होतं की आता उठावं आणि आपणच काहीतरी ओरडून सांगावं. पण कॅचरने बोलायचं नसतं.

"काहीच नाही, सर," भाऊ म्हणाले. "मार्चपर्यंत चेंडू हातातच ठेवणार."

"मार्चमध्ये काय आहे?"

"मार्चमध्ये माझी मुलगी पिचिंग करतेय. दहावीची परीक्षा."

साहेब खुर्चीत मागे रेलला. त्या माणसाला काही न करता बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. कारणं ऐकून तिकीट फाडणारा तो माणूस, पण हे कारण म्हणून त्याच्या अंगावर आलंच नव्हतं, त्यानेच ते ओढून काढलं होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि भाऊ त्याच्याकडे. शेवटी तो म्हणाला, "मार्च." आणि उठून दार उघडलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला की पुढच्या वेळी खुणा करायच्या तर टेबल लाकडी बघ.

कॉरिडॉरमध्ये आलो आणि मी भिंतीला टेकलो. हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. मी म्हटलं, भाऊ, नाही म्हणाला असता तर? मुलीचं सरळच का नाही सांगितलंत आधी?

"आपनहून सांगितलं असतं तर त्यानं थे मैदानाभायेर मारलं असतं," भाऊ म्हणाले. "त्याले तशाच चेंडूची सवय हाय." मग चहाच्या मशीनकडे बघून पुढे म्हणाले, "मलेही भेव वाटलं होतं गड्या. हात पाहा माहा." त्यांचा हात खरंच थरथरत होता. ते एवढा वेळ चष्मा का पुसत होते ते मला तेव्हा कळलं.

त्या रात्री माझी बायको गाढ झोपली. जुबैलला तात्पुरता दुसरा माणूस गेला. भाऊंच्या फ्लॅटवर वरण मंद आचेवर शिजत राहिलं, पोरगी पेन्सिल आपटत राहिली, आणि मार्च यायचा तेव्हा आला.

शेवटचा पेपर इतिहास-भूगोलाचा होता. दुपारी भाऊ तिला शाळेतून घेऊन आमच्या घरी सोडून ऑफिसात आले. बायकोने तिच्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. भाऊंनी पेनाला टोपण घातलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि साहेबाच्या केबिनकडे निघाले. मला राहवलं नाही, मी मागे गेलो आणि उघड्या दाराशी थांबलो.

"यस, सर," भाऊ म्हणाले. "मी जाईन."

साहेबाने कागदातून डोकं वर काढलं. "कुठे?"

"जुबैलला. तुम्ही विचारलं होतं."

मग त्याला दिवाळीतला तो प्रश्न आठवला असावा. तो इतका मोठ्याने हसला की सेक्रेटरी उठून आली. हसता हसता त्याने हाताने समोरची खुर्ची दाखवली आणि म्हणाला, "सिट डाउन."

भाऊंनी खुर्चीकडे बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"नको, सर," ते म्हणाले. "मी उभाच बरा."

मला तिथे दारातच मटकन खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलोही, सवयीप्रमाणे उकिडवा. खरं सांगतो, त्या दिवशी माझे गुडघे जराही दुखले नाहीत.